शरीराचा नकाशा आणि शरीराची छपाई

गेल्या पावसाळ्यात एका खेडेगावी व्याख्यानासाठी जाण्याचा योग आला. विषय माझ्या नेहमीच्या पठडीतला, मराठेशाहीतील पत्रव्यवहाराचा होता. व्याख्यान संपले, आभार झाले, चहा आला. मंडळी पांगू लागली तेव्हा मागच्या रांगेतले एक वयस्क शेतकरी पुढे आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे घड्या पडून फाटायला आलेले कात्रण होते. म्हणाले, "सर, परदेशात यंत्रावर काळीज छापतात असं लिहिलंय यात. मग मूत्रपिंड कधी छापतील? माझ्या पुतण्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. तुम्ही शिकलेले आहात, सांगा, किती वर्षं थांबावं?"

मी इतिहासाचा माणूस. जीवशास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकापुढे माझे गेलेले नाही. पण "मला ठाऊक नाही" एवढे म्हणून त्या गृहस्थांना परत पाठवणे मनाला पटेना. चौकशी करून कळवतो, असे मी सांगून बसलो. मग आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले, चार पुस्तके चाळली, आणि हळूहळू ध्यानात आले की हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसत असला तरी आत शिरले म्हणजे तो इतिहासाचाच आहे. त्यांना जे कळवले तेच थोडे विस्ताराने तुम्हांला सांगतो.

वाचकहो, छापायचे तर आधी मूळ प्रत वाचता आली पाहिजे. मोडीतला एखादा जुना कागद आमच्या हाती येतो. शाई उडालेली, कसर लागलेली, ओळीवर ओळ चढलेली. तो लागल्याशिवाय उत्तमातला उत्तम छापखाना असून काय उपयोग? शरीराचेही तसेच आहे. मूत्रपिंड छापायचे म्हणजे त्यात कोणती पेशी कुठे बसली आहे, कोणती नळी कुठून वळते, रक्ताची कोणती वाट कोणत्या वाटेला मिळते, हे आधी वाचायला हवे. छापण्याचे यंत्र कालपरवाचे आहे. वाचन मात्र साडेतीनशे वर्षांपासून चालू आहे, आणि अजून ते संपलेले नाही.

यात अडचण काय होती ती आधी समजून घ्या. हाड टिकते, हाती धरून पाहता येते. पण यकृत, मूत्रपिंड, मेंदू, फुप्फुस या सगळ्या मऊ गोष्टी. खाटकाच्या दुकानातली कलेजी आठवा. उचलली की लोंबते, सुरी फिरवली की चिंबते, आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वास मारू लागते. बरे, तिचा कसाबसा पातळ पापुद्रा काढून भिंगाखाली धरला, तरी दिसते काय? जवळजवळ काहीच नाही. पातळ कापलेली मऊ ऊती बहुधा रंगहीन आणि पारदर्शक असते. पाण्यात पडलेला काचेचा तुकडा शोधावा, तसा प्रकार.

'ऊती' हा शब्द तुमच्यापैकी शिक्षक मंडळी वर्गात रोज वापरत असतील. संस्कृतात 'ऊति' म्हणजे विणणे. फ्रेंच भाषेत याच अर्थाने जो शब्द रूढ झाला तोही मुळात विणलेल्या कापडाचा. झाव्ह्ये बिशा नावाच्या तरुण वैद्याने १८०० च्या सुमारास तो प्रचारात आणला आणि शरीरातल्या एकवीस प्रकारच्या ऊती वेगळ्या करून दाखवल्या. गंमत अशी की हा गृहस्थ सूक्ष्मदर्शकाला हातही लावीत नसे. त्याचा त्या यंत्रावर विश्वासच नव्हता! तो का नव्हता, ते पुढे येईलच.

आपण सुरुवात करू इटलीतल्या बोलोन्या शहरापासून. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला होता. रक्त धमन्यांतून जाते आणि शिरांतून परत येते, हे त्याने सिद्ध केले. पण धमनीतून शिरेत ते जाते कोणत्या वाटेने? मधला दुवा त्याला दिसला नाही. तो १६५७ साली वारला, आणि चारच वर्षांनी, १६६१ साली, मार्सेलो मालपीगी याने बेडकाचे फुप्फुस फुगवून, वाळवून भिंगाखाली धरले. केसाहूनही बारीक नळ्यांचे जाळे त्याला दिसले. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या याच त्या केशवाहिन्या. बेडकाचेच फुप्फुस का? तर ते मुळातच पातळ आणि पारदर्शक. यासाठी आपण बेडकांचा जवळजवळ वंशच्छेद केला, अशा आशयाचे मालपीगीने स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्याच मालपीगीने १६६६ साली मूत्रपिंडाकडे मोर्चा वळवला. इथे पातळ पडदा नव्हता, घट्ट मांस होते. मग त्याने युक्ती केली. मद्यार्कात काळा रंग कालवून तो मूत्रपिंडाच्या धमनीत पिचकारीने भरला आणि मग मूत्रपिंड चिरून पाहिले. धमनीच्या बारीक फांद्यांना काळे काळे गोळे लगडलेले दिसले. त्याने सफरचंदांची उपमा दिली. आपण उंबराच्या झाडाची देऊ. या गोळ्यांना आजही मालपीगीचेच नाव आहे. रक्त गाळण्याचे काम तिथे होते. पण गोळ्यातून गाळलेले पाणी पुढे नळीत उतरते कसे, गोळा आणि नळी जोडलेली आहेत की नाहीत, हे काही त्याला निश्चित करता आले नाही. ते निश्चित केले लंडनच्या विल्यम बोमन या पंचविशीतल्या शल्यवैद्याने, १८४२ साली.

म्हणजे किती वर्षे गेली? हिशेब करा. एकशे शहात्तर! एका गोळ्यापासून एका नळीपर्यंतचे अंतर मिलिमीटरभरसुद्धा नाही, आणि ते ओलांडायला पावणेदोनशे वर्षे लागली. त्या शेतकरी दादांचा प्रश्न ऐकल्यावर मला हा आकडा सारखा आठवत राहिला.

या काळात लोक स्वस्थ बसले होते असे नव्हे. दोष भिंगाचा होता. साध्या भिंगातून प्रकाश गेला की त्याचे रंग फाकतात, वस्तूच्या कडेला इंद्रधनुष्याची झालर लागते, आणि बारीक ठिपक्याभोवती कडी उमटतात. बिशाचा अविश्वास याचसाठी होता, आणि तो अगदीच चूक नव्हता. फ्रान्समधल्या आंरी मिल्न-एडवर्ड्स याने १८२३ साली जाहीर केले की स्नायू असो, मज्जातंतू असो की त्वचा असो, साऱ्या मऊ ऊती एकाच मापाच्या बारीक गोळ्यांच्या बनलेल्या आहेत. मोठमोठ्यांनी माना डोलावल्या. पुढे लंडनमधले एक मद्यविक्रेते, जोसेफ जॅक्सन लिस्टर, यांनी फावल्या वेळात भिंगे घासून रंग न फाकणारी जोडभिंगे बसवण्याची रीत शोधली. त्यांनी आणि डॉक्टर टॉमस हॉजकिन यांनी १८२७ साली याच ऊती नव्या भिंगातून पाहिल्या, तो काय! ते गोळे मुळी नव्हतेच. स्नायूत तंतू होते, त्यावर आडवे पट्टे होते. गोळे होते ते भिंगाच्या दोषाचे.

शिक्षक बंधुभगिनींनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी. आणि हो, शस्त्रक्रियेत जंतुनाशकाचा वापर रूढ करणारा जोसेफ लिस्टर तो या मद्यविक्रेत्याचाच मुलगा.

भिंग सुधारले. आता प्रश्न उरला मऊपणाचा आणि रंगहीनतेचा. इथे कारखानदारी, रंगारी आणि नुसता योगायोग असे तिघेही मदतीला आले. एरलांगेनचे प्राध्यापक योसेफ फॉन गेरलाख यांनी १८५८ साली मेंदूच्या कापांना किरमिजी रंग देण्याची रीत प्रसिद्ध केली. सांगतात असे की फार पातळ रंगात एक काप रात्रभर चुकून राहून गेला आणि सकाळी त्यातले पेशींचे केंद्रक लख्ख उठून दिसले. हा किरमिजी रंग किड्यांपासून काढलेला, कापडाच्या रंगाऱ्यांचा. पुढे मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढलेला हिमॅटॉक्सिलिन आला, आणि तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. आपल्याकडे कापड रंगवायला पतंगाचे लाकूड वापरीत, त्यातला रंग या हिमॅटॉक्सिलिनचा जवळचा नातलग आहे. फ्रांकफुर्टचे फेर्डिनांड ब्लुम १८९३ साली फॉर्मालिन जंतू मारते का, ते तपासत होते. काम करता करता आपल्याच बोटांची कातडी कडक झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. मऊ मांस कडक करण्याचे साधन असे हाताला लागले, अगदी शब्दशः.

कडक केलेले मांस मेणात बुडवायचे, मेण भिनून गार झाले म्हणजे त्याचा ठोकळा होतो, आणि मग त्याचे काप काढायचे. अडकित्त्याने सुपारी कातरणाऱ्या आजीबाई आपण पाहिल्या आहेत. पापुद्र्यासारखी सुपारी करावी ती त्यांनीच. पण इथे हवा असलेला काप मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ, आणि एक नव्हे, एकामागून एक शेकडो, सगळे एकाच जाडीचे. त्यासाठी मायक्रोटोम नावाचे यंत्र झाले. बाझेल येथे असताना विल्हेल्म हिस यांनी १८६६ च्या सुमारास असे यंत्र वापरात आणले. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचे ते सलग काप काढीत आणि क्रमाने मांडून ठेवीत.

आता ज्या माणसासाठी मी हे सारे सांगायला बसलो, त्याच्याकडे येतो.

काप काढला की अवयव सपाट होतो. एका कापात नळी कापली गेली तर दिसते एक वर्तुळ. पुढच्या कापात वर्तुळ थोडे सरकलेले असते, त्याच्या पुढच्यात दोन वर्तुळे होतात. नळीला फाटा फुटला की ती वळून परत आली? दोनशे काप डोळ्यांखालून घातले तरी डोक्यात आकार उभा राहात नाही. वहीची पाने सुटी करून उधळावीत आणि गोष्ट काय ते विचारावे, तशी गत होते. ब्रेसलाउ विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ गुस्ताव बोर्न यांनी याला १८८३ साली एक उत्तर दिले. ब्रेसलाउ तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे आणि व्रोत्सुआफ या नावाने ओळखले जाते.

बोर्न यांची रीत इतकी सोपी आहे की तुम्ही उद्या शाळेत करून पाहू शकाल. भूगोलाच्या शिक्षकांना तर ती करून ठाऊकच असेल. डोंगराच्या नकाशावर समोच्च रेषा असतात. प्रत्येक रेषेइतका पुठ्ठा कापून एकावर एक चिकटवला की टेबलावर डोंगर उभा राहतो. बोर्न यांनी पुठ्ठ्याऐवजी मेणाच्या पाट्या घेतल्या. एक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, त्याचे मोठे केलेले चित्र मेणाच्या पाटीवर उतरवायचे, रेषेवरून मेण कापायचे, आणि पाट्या क्रमाने रचायच्या. सगळे मर्म पाटीच्या जाडीत आहे. चित्र जितके पट मोठे केले, तितकेच पट कापाची जाडीही मोठी झाली पाहिजे. काप मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाचा असेल आणि चित्र पन्नासपट असेल, तर पाटी बरोबर एक मिलिमीटरची हवी. मग तीन मिलिमीटरच्या गर्भाचे दीडशे काप, दीडशे पाट्या, आणि एक वीतभर उंचीला थोडी कमी अशी प्रतिकृती हातात येते. ती फिरवून पाहावी, उघडून आत डोकवावे. नळीचा फाटा की वळण, या प्रश्नाचे उत्तर बोटाने चाचपून मिळते.

आणि अडचण? पाट्या जुळवण्याची. एक पाटी केसभर सरकली की नळी वाकडी होते. एखादी उलटी बसली तर उजव्याचे डावे होते. म्हणून ठोकळ्यावरच आधी खुणेची बाजू आणि खुणेच्या रेषा करून ठेवायच्या, म्हणजे त्या प्रत्येक कापावर उमटतात. हे काम हाताचे, डोळ्याचे आणि चिकाटीचे. विद्वानांची नावे पुस्तकांत आली, पण मेण कापणाऱ्यांची क्वचितच. फ्रायबुर्गचे आडोल्फ आणि फ्रीड्रिख त्सीग्लर हे पिता-पुत्र मेणाच्या प्रतिकृती करून जगभरच्या विद्यापीठांना विकत. अमेरिकेत बाल्टिमोर येथे, लाइपझिगला हिस यांच्या हाताखाली शिकून आलेल्या फ्रँकलिन मॉल यांनी १९१४ साली कार्नेगी संस्थेचा गर्भशास्त्र विभाग उभा केला. तिथे ऑसबोर्न हर्ड नावाच्या कारागिराने आयुष्यभर मानवी गर्भाच्या शेकडो प्रतिकृती घडवल्या. किती जणांना त्याचे नाव ठाऊक आहे?

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. या गुस्ताव बोर्न यांचा मुलगा म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न, १९५४ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडावी लागल्यावर, सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या बोलावण्यावरून ते १९३५-३६ मध्ये काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिले होते. मेणाच्या पाट्यांच्या त्या घरातला मुलगा आपल्या भूमीवर वावरून गेला, याचे मला उगाच बरे वाटते.

असो. बोर्न यांची रीत पन्नास-साठ वर्षे गाजली, पण तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे मांस मद्यार्कात आणि मेणात गेले की आकसते, म्हणजे नकाशा बनतो तो आकसलेल्या गावाचा. दुसरी म्हणजे कापल्याशिवाय काही दिसत नाही. न कापता आत पाहता येईल का?

भज्यांचा कागद आठवा. तेलाचा डाग पडला की कागदापलीकडचे दिसू लागते. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, ती प्रकाश विखरते. तिची जागा तेलाने घेतली की विखुरणे कमी होते. लाइपझिगच्या व्हेर्नर श्पाल्टेहोल्ट्स यांनी १९११ च्या सुमारास हेच मांसावर केले. पाणी काढून टाकून त्याजागी विंटरग्रीनचे तेल भरले. सांधेदुखीच्या मलमाला जो वास येतो ना, तोच या तेलाचा वास. सबंध अवयव काचेसारखा पारदर्शक झाला! स्टॅनफर्ड येथे कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेत २०१३ साली उंदराचा आख्खा मेंदू असाच, पण निराळ्या रीतीने पारदर्शक करण्यात आला.

दुसरी वाट मार्विन मिन्स्की यांनी काढली. मेंदूच्या जाड तुकड्यातले तंतू पाहताना खालचे आणि वरचे थर एकमेकांत मिसळून धुरकट दिसतात, याने ते बेजार झाले होते. त्यांनी काय केले, तर एका वेळी एकाच बिंदूवर प्रकाश टाकला आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत सुईच्या अग्राएवढे छिद्र ठेवले. त्या बिंदूचा प्रकाश तेवढा छिद्रातून येतो, वरखालचा अडतो. असे बिंदू बिंदू पुढे सरकत एका पातळीचे चित्र पुरे करायचे, मग पुढची पातळी. म्हणजे काप काढायचेच, पण सुरीने नव्हे, उजेडाने. याच्या एकस्वाचा अर्ज १९५७ साली झाला आणि ते १९६१ साली मिळाले. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक म्हणतात तो हा. लेसर आणि संगणक हाताशी येईपर्यंत, म्हणजे १९८० नंतरपर्यंत, त्याचे चीज झाले नाही. पुढे १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दोन फोटॉनांची रीत काढली, तिने जिवंत ऊतीत आणखी खोल पाहता येऊ लागले. आणि पाट्या जुळवण्याचे जे काम हर्डसारखा कारागीर महिनोन्‌महिने करी, ते आता संगणक करतो.

आता छापखान्याकडे वळू. टेक्सासमधल्या रॉबर्ट क्लेबे यांनी १९८८ साली साध्या शाई उडवणाऱ्या छपाईयंत्रात शाईऐवजी फायब्रोनेक्टिन नावाचे प्रथिन भरले. पेशी या प्रथिनाला धरून राहतात. अक्षरे प्रथिनाची उमटली आणि पेशी त्या अक्षरांवर जाऊन बसल्या. पुढे २००३ च्या आसपास टॉमस बोलंड यांनी पेशीच छापल्या. पण ही झाली कागदावरची छपाई. उंची कशी द्यायची? हाडासारखे कडक द्रव्य थरावर थर चढते, पण पेशींसाठी लागते जेलीसारखे मऊ द्रव्य. चकलीचे पीठ सैल झाले की सोऱ्यातून पडल्याबरोबर पसरते, हे घरोघरी माहीत आहे. इथे तर पिठाऐवजी ताकच समजा.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले ॲडम फाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली याला तोड काढली. जिलेटिनच्या बारीक कणांचा घट्ट दह्यासारखा लगदा भांड्यात घ्यायचा, त्यात सुई बुडवायची, आणि मऊ द्रव्याची धार त्या लगद्याच्या आतच सोडायची. दह्याच्या पोटात जिलबी काढावी तशी. लगदा चारी बाजूंनी धरून ठेवतो, म्हणून आकार ढासळत नाही. छपाई पुरी झाली की भांडे शरीराच्या उष्णतेइतके कोमट करायचे. जिलेटिन वितळून जाते, आकार उरतो.

त्यांनी छापलेल्या नमुन्यांत एक होते कोंबडीच्या पाच दिवसांच्या गर्भाचे हृदय. मऊ ऊती कडक करून, रंग देऊन, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने तिचे प्रकाशाचे काप घेतले, संगणकात ते रचले, आणि मूळच्या सुमारे दहापट मोठे करून छापले. का मोठे? तर यंत्राची सुई मूळ हृदयाइतके बारीक काम करू शकत नव्हती. आता मागे वळून पाहा. तेच कोंबडीचे अंडे, जे हिस यांच्या टेबलावर होते; तीच कडक करण्याची आणि रंग देण्याची रीत; तेच काप आणि तीच रचना; आणि बोर्न यांच्याप्रमाणेच मोठी केलेली प्रतिकृती. मेणाऐवजी जेली आली, एवढेच. दोन्ही कार्नेगी संस्थांच्या मागे पैसा एकाच अँड्र्यू कार्नेगीचा, हाही एक योगच.

२०१९ साली याच मंडळींनी कोलॅजेनची, म्हणजे आपल्या शरीरात ऊतींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची धार वीस मायक्रॉनपर्यंत बारीक केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मानवी हृदयपेशी घालून हृदयाच्या कप्प्यासारखा एक छोटा नमुना त्यांनी छापला, आणि तो एका तालात आकुंचन पावू लागला. त्याच वर्षी टेक्सासमधल्या राइस विद्यापीठातल्या जॉर्डन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसातल्या वायुकोशासारखी एक जेलीची पिशवी केली. आत हवा खालीवर होते, भोवतीच्या जाळ्यातून रक्त वाहते आणि प्राणवायू घेते. प्रकाश नेमका तेवढ्याच थरात थांबावा म्हणून त्यांनी काय वापरले? मिठाईत घालतात तो पिवळा खाण्याचा रंग! मालपीगीने ज्या फुप्फुसाचे जाळे वाचले त्याची पहिली ओबडधोबड नक्कल साडेतीनशे वर्षांनी उमटली.

कात्रणातले काळीज ते हे, किंवा यासारखेच एखादे. बातमी खोटी नाही, पण 'काळीज' हा शब्द फार मोठा पडतो. २०११ साली असाच घोटाळा झाला होता. अमेरिकेतले शल्यवैद्य अँथनी अटाला यांनी एका जाहीर व्याख्यानात मूत्रपिंडाच्या आकाराची छापलेली वस्तू दाखवली. तो नुसता आकार होता, काम करणारे मूत्रपिंड नव्हते. पण खरेखुरे मूत्रपिंड छापले गेले, अशा बातम्या जगभर गेल्या. डायलिसिसला बसलेल्या माणसाने ती बातमी कशी वाचली असेल, याचा विचार करवत नाही.

मग मूत्रपिंडाचे काय? तिथे यंत्र अडते ते असे. शरीरातली बहुतेक पेशी केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाच्या आत असावी लागते. त्याहून लांब पडली तर प्राणवायूवाचून मरते. म्हणजे नखाएवढा जाड तुकडा करायचा तरी त्यात रक्ताचे जाळे हवे, आणि केशवाहिनी असते पाच ते दहा मायक्रॉनची; उत्तम सुईची धारसुद्धा तिच्याहून जाड. एका मूत्रपिंडात मालपीगीचे गोळे सुमारे दहा लाख. प्रत्येकाला बोमनने दाखवलेली नळी, तिची वेटोळी, तिच्या प्रत्येक भागात वेगळ्या कामाची पेशी. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले दीड लिटरच्या आसपास सोडून सगळे परत घेतात. हे परत घेणे नळीच्या पेशींचे काम आहे. जागा चुकली की काम चुकले. शिवाय नकाशा फक्त जागा सांगतो. पेशी तिथे राहून काय करते, शेजारणीशी काय बोलते, हे त्यात उमटत नाही.

हार्वर्डमध्ये जेनिफर लुइस यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली यातल्या एका नळीचा एक भाग केला. देवाच्या ओतीव मूर्ती करणारे कारागीर मेणाची मूर्ती करून ती मातीने लिंपतात आणि तापवून मेण काढून टाकतात. उरलेल्या पोकळीत धातू ओततात. इथे एका खास शाईची वळणदार रेघ छापून तिच्यावर जेली ओतली, मग ती शाई थंड करून पातळ केली आणि काढून घेतली. जो बोगदा उरला त्याच्या भिंतींवर मूत्रपिंडाच्या पेशी लावल्या. त्या दोन महिन्यांहून अधिक टिकल्या आणि आपले काम काही अंशी करू लागल्या. औषधे मूत्रपिंडाला बाधतात का हे तपासायला अशी नळी उपयोगी पडते. ती मूत्रपिंड नव्हे.

आपल्या देशातही काम चालू आहे. हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, तिथलीच आय. आय. टी. आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र यांनी मिळून छापलेले पारपटल २०२२ साली सशाच्या डोळ्यात बसवले. डोळ्याचे पारपटल निवडले ते शहाणपणाने. ते पातळ असते आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. केशवाहिन्यांचा जो डोंगर मूत्रपिंडापुढे उभा आहे, तो तिथे नाहीच.

त्या शेतकरी दादांना मी पत्र लिहिले ते असे. छापलेले मूत्रपिंड आजवर कुठल्याही माणसाच्या शरीरात बसवलेले नाही. ते किती वर्षांनी होईल हे सांगणारा भेटला तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका. पुतण्याच्या उपचारांत त्या आशेने एक दिवसाचीही ढिलाई करू नका. आज वाट आहे ती डायलिसिसची आणि नात्यातल्या किंवा मृत्यूनंतर दिलेल्या अवयवाच्या रोपणाची; १९९४ च्या कायद्याने तिचे नियम ठरलेले आहेत, जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याची चौकशी करा. पत्र टपालात टाकताना मला बरे वाटले नाही, हे खरे. चांगली बातमी मागायला आलेल्या माणसाला मी साडेतीनशे वर्षांचा इतिहास पाठवला होता.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. अक्षर त्यांच्या गावच्या गुरुजींचे होते. पुतण्याच्या आईची तपासणी झाली आहे, रक्तगट जुळतो, पुढच्या तपासण्यांना जिल्ह्याला बोलावले आहे, असे पहिल्या चार ओळींत होते. खाली गुरुजींनी आपल्याकडून भर घातली होती. मेणाच्या पाट्यांची गोष्ट वाचून त्यांनी वर्गात एक कारले चकत्या करून कापले, प्रत्येक चकतीच्या मापाचे पुठ्ठे मुलांकडून कापून घेतले आणि रचले. चौथ्या इयत्तेतल्या एका मुलीचे कारले मध्येच पिळवटल्यासारखे झाले, कारण तिच्या दोन चकत्या उलट्या बसल्या होत्या. ती रडवेली होऊन विचारत होती की कापण्याच्या आधी कारल्यावर खूण कुठे करायची. गुरुजींनी मला विचारले होते, बोर्नसाहेब खूण कशाने करीत?